शब्द दिला, फौज कुठे होती?

मी इतिहास शिकवते. संरक्षणाच्या हमीचा विषय निघाला की मुलांना ३१ मार्च १९३९ ही तारीख सांगते. त्या दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी संसदेत पोलंडला मदतीची हमी दिली. हिटलर बिचकेल, ही आशा. पण पोलंडपर्यंत फौज पोचवायची तयारीच नव्हती. १ सप्टेंबरला जर्मनीनं हल्ला केला. ३ तारखेला ब्रिटन युद्धात उतरलं, तरी पोलंड वाचला नाही. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारतालाही युद्धात ओढलं. त्याच युद्धात माणगाव तालुक्यातले सैनिक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. ज्यांची मुलं लढणार त्यांना विचारल्याशिवाय, स्वतःची ताकद जोखल्याशिवाय कोणत्याही सरकारनं असा शब्द देऊ नये.