माणसे कुठे राहतात, कुठे जातात

लोकसंख्येच्या भूगोलात माणसे किती, याइतकेच ती कुठे आहेत यालाही महत्त्व आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख भरली आणि घनता दर चौरस किलोमीटरला 365 निघाली. ही सरासरी फारसे काही सांगत नाही. गडचिरोलीत घनता 74 होती, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात 20 हजारांच्या वर. पाऊस, माती आणि पाणी यांनी माणसांची जुनी वाटणी ठरवली. रेल्वे, गिरण्या आणि कारखान्यांनी ती मोडून नवी केली.

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीनच कारणांनी बदलते. जन्मांतून मृत्यू वजा केले की नैसर्गिक वाढ मिळते. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या किंचित घटली. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरेच्या घरे रिकामी केली होती. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत मात्र ती वाढतच गेली. म्हणूनच 1921 हे वर्ष महाविभाजक मानले जाते. साथी आणि दुष्काळांचे बळी कमी झाल्याने मृत्युदर आधी उतरला, जन्मदर मात्र बराच काळ चढा राहिला. या दोहोंमधल्या अंतरातून लोकसंख्येचा स्फोट झाला. आधी मृत्युदर, मग जन्मदर उतरण्याच्या या क्रमाला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. वॉरन थॉम्प्सन यांनी 1929 मध्ये आणि फ्रँक नोटस्टाइन यांनी 1945 मध्ये त्याची मांडणी केली.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेही 1921 मध्येच. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला. त्याच्या तीन दशके आधी, समाजाचा रोष पत्करून कर्वे हे काम करत होते, याची नोंद लोकसंख्येच्या प्रत्येक आढाव्यात व्हायला हवी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले होतात. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला हे प्रमाण साधारण 2.1 लागते. तरीही लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या तरुण स्त्रियांची संख्याच मोठी असते. घरटी मुले कमी झाली तरी एकूण जन्म काही काळ पुष्कळ राहतात.

स्थलांतराचे मोल कळते ते रत्नागिरीत. 2001 ते 2011 या काळात राज्याची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली, रत्नागिरीची मात्र सुमारे 82 हजारांनी घटली. सिंधुदुर्गही घटला. ही घट रोगराईची नव्हे, रोजगाराची. कोकणातली शेतजमीन तुकड्यातुकड्यांची, पीक मुख्यतः पावसाळी भाताचे. त्यामुळे घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत जाई. लालबाग-परळच्या चाळींत एका गावची माणसे एकाच खोलीत राहत, पाळीप्रमाणे झोपत आणि खानावळीत जेवत. गावी मनीऑर्डर जाई. शेत, गुरे आणि म्हातारी माणसे बाई सांभाळे. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात 832. हे दोन्ही आकडे एकाच संसाराच्या दोन बाजू आहेत. रत्नागिरीचा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा पुरावा म्हणून दाखवला जातो, ते चूक आहे. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात तिथेही मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच आहे. त्याच दशकात मुंबई शहर जिल्हाही घटला. माणसे उपनगरांकडे आणि ठाणे जिल्ह्याकडे सरकली. तेव्हा पालघर ठाण्यातच होते, आणि 1 कोटी 10 लाखांचा तो जिल्हा देशात सर्वाधिक लोकसंख्येचा ठरला.

मुलींची घट मात्र स्थलांतराने होत नाही. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. बीडमध्ये तर 807. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, आणि तरी ही घसरण झाली.

बीडमध्येच स्थलांतराचे आणखी एक रूप दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोड मजूर जोडप्याने निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, हिशेब त्याचाच. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडाजवळ कोपी घालून ती राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे तोड ऐन भरात असताना. पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम. त्यामुळे अशा कुटुंबाची नोंद कोपीवर झाली तर गावच्या आकड्यातून ते गळते. गावच्या शाळेला आणि रेशन दुकानाला मात्र त्यांची गरज वर्षातले निम्मे महिने भागवावी लागते. दुसऱ्या टोकाला, देशातले सर्वाधिक स्थलांतर लग्नामुळे होते आणि ते जवळजवळ सगळे स्त्रियांचे असते. चर्चेत ते क्वचितच येते.

वयोगटांची रचना लोकसंख्या मनोऱ्यातून कळते. पाया रुंद असेल तर शाळा आणि लसीकरण आधी लागते. मधला भाग फुगला की रोजगार. माथा रुंदावला की निवृत्तिवेतन आणि शुश्रूषा. महाराष्ट्राच्या मनोऱ्याचा पाया अरुंद होऊ लागला आहे. 2011 मध्ये राज्यातला जवळपास दर दहावा माणूस साठीपुढचा होता. तरुण बाहेर गेलेल्या कोकणातल्या वाड्यांत हे प्रमाण अधिकच जाणवते. तिथे पटाअभावी शाळा चालवणे कठीण होते आणि दवाखान्यापर्यंत पोचवणारे माणूस घरात नसते. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढच्या गणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. शिधापत्रिकांपासून पाणीयोजनांपर्यंतचे नियोजन तोवर 2011 चे आकडे आणि त्यांवर बेतलेले अंदाज यांच्याच आधारे चालते.