परिचारिकेच्या हातातील आलेख

आलेखाचा कागद तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. गणिताच्या तासाला तुम्ही त्यावर बिंदू मांडता, रेषा काढता. पण अशाच चौकटींच्या कागदाच्या साहाय्याने परिचारिका दोन जिवांचे रक्षण करते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

बाळंतपण हा काही रोग नव्हे. ती निसर्गक्रिया आहे. बहुतेक वेळा ती सुखरूप पार पडते. क्वचित मात्र बाई अडते. वेळीच उपाय झाला नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही प्राणांवर बेतते. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय काही तासांच्या वाटेवर असेल, तर तिला केव्हा हलवायचे? लहान प्रसूतिगृहात पुष्कळदा डॉक्टर नसतो. निर्णय घ्यावा लागतो तो प्रसूतीचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला.

त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, हाच प्रश्न होता. तेथील फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ साली त्यावर एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. ती समजण्यासाठी कागद घ्याच.

आडव्या अक्षावर तास मांडा. उभ्या अक्षावर गर्भाशयाचे मुख किती उघडले, ते सेंटिमीटरमध्ये मांडा. पूर्ण उघडले म्हणजे १० सेंटिमीटर. सकाळी १० वाजता ४ सेंटिमीटर, या बिंदूपासून ताशी १ सेंटिमीटर चढणारी रेषा काढा. ही झाली इशारारेषा. तिच्या उजवीकडे ४ तासांच्या अंतरावर समांतर रेषा काढा. ही कृतिरेषा. मधले ४ तास कशासाठी? बाईला रुग्णालयात पोहोचवण्यासाठी!

आता समजा, दुपारी २ वाजता तपासणीत ६ सेंटिमीटर आढळले. बिंदू मांडून पाहा. तो इशारारेषेच्या उजवीकडे पडला, आणि कृतिरेषेला अवघे २ तास उरले. परिचारिका लगेच गाडी मागवते. बाळाच्या हृदयाची स्पंदने आणि आईची नाडी व रक्तदाब यांच्या नोंदीही ती त्याच कागदावर ठेवते.

या आलेखाची मोठी परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशिया या देशांत घेतली. ३५,४८४ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आलेख आणि त्यासोबतचे नियम पाळल्यावर लांबलेल्या बाळंतपणांचे प्रमाण शेकडा ६.४ वरून ३.४ वर आले होते.

मग नुसता कागद पुरेसा आहे का? नाही. ताशी १ सेंटिमीटर हा वेग पुष्कळ निरोगी स्त्रियांनाही गाठता येत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणून त्या संघटनेने २०२० मध्ये नवा तक्ता आणला. त्यात एका ठरावीक तिरप्या रेषेवर भिस्त नाही. आईजवळ सोबतीला कोणी आहे का, तिला पाणी मिळते का, याही नोंदी आहेत. रेषा बदलतात, बिंदूचा अर्थ लावणारी जाणती नजर मात्र लागतेच. कधी थांबायचे आणि कधी धावायचे, हे तिला कळते.

ही नजर शिक्षणाने येते. भारत सरकारने २०१८ साली नोंदणीकृत परिचारिकांसाठी प्रसूतिसेवेचे १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण योजले, ते यासाठीच. डॉक्टरची जागा घेणे हा त्याचा हेतू नव्हे. डॉक्टर हवा तेथे तो वेळेवर मिळावा, हा आहे.

पुढच्या वेळी आलेख काढताना हे आठवा. एक बिंदू योग्य जागी मांडण्याचे मोल किती असू शकते!