डोंगरातल्या सायकलीला रेसरचं हँडल

ड्रॉप हँडलची सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे शर्यत उभी राहते. बोरघाट चढताना मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवर ओणवे झालेले स्पर्धक, बोटभर रुंदीचे टायर, खाली डांबर. माउंटन बाइकचं चित्र नेमकं उलट: सरळ आडवं हँडल, जाड खडबडीत टायर, खाली दगडमाती. त्यामुळे १९८० ते १९९५च्या काळातली पोलादी माउंटन बाइक हुडकून तिच्यावर रेसरचं हँडल चढवणारे लोक भेटले, की हा नुसता हौसेचा प्रकार वाटतो. अमेरिकेत आणि युरोपात ही हौस अलीकडे चांगलीच फोफावली आहे. तिच्यामागची समज मात्र मला हौसेपेक्षा मोठी वाटते. हँडल कोणतं लावायचं हे ठरवताना आपण खरं तर स्वाराचे हात कुठे असावेत हे ठरवत असतो. ते एकदा ठरलं की फ्रेमच्या मापापासून ब्रेकच्या केबलपर्यंत सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं. शिवाय यात परक्याचं काही आणून चिकटवलेलंही नाही. माउंटन बाइकच्या पहिल्या पिढीतच हे हँडल होतं.

ती पिढी वाढली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीत. माउंट टॅमल्पाइसच्या परिसरात १९७०च्या दशकातली तरुण मंडळी श्विन कंपनीच्या जुन्या, जडशीळ सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेनं खाली सुसाट सोडत. ऑक्टोबर १९७६मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. उतार एवढा तीव्र, की खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेमवर उभ्या केलेल्या सायकली विकायला सुरुवात केली, आणि १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर दुकानांत आली. या बहुतेक सायकलींना मोटरसायकलच्या वळणाचं रुंद, सरळ हँडल आणि मोटरसायकलचेच ब्रेक लिव्हर असत. माउंटन बाइकचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

त्याच फेअरफॅक्समध्ये चार्ली कनिंगहॅम मात्र वेगळ्या वाटेनं चालला होता. बाकीचे पोलाद जोडत असताना त्याने १९७९मध्ये ॲल्युमिनियमची सायकल बनवली आणि तिला ड्रॉप हँडल लावलं. रस्त्यावरचं जसंच्या तसं उचलून नव्हे. कनिंगहॅमच्या पद्धतीत हँडलचे खालचे भाग बाहेरच्या बाजूला पसरतात आणि सगळं हँडल उंच बसतं, इतकं की त्याचा खालचा भाग साधारण तिथे येतो, जिथे सरळ हँडलच्या मुठी असत्या. रस्त्यावरचा स्वार बहुतेक वेळ हँडलच्या वर, ब्रेकच्या टोप्यांवर हात ठेवतो आणि वारा कापायचा असला की खाली जातो. मातीवरच्या ड्रॉप हँडलवर हात मुळात खालीच असतात. वर जायचं ते चढावर किंवा विसाव्याला.

हा फरक या सगळ्या विद्येचं मर्म आहे. सरळ हँडलवर तळहात पालथा पडतो आणि मनगट वळतं. सायकल आपटली की हात सुटू नये म्हणून मूठ आवळून धरावी लागते. हँडलच्या वळणात हात गेला, की हस्तांदोलन करताना असतो तसा तळहात आत वळतो, कोपर सैल राहतो, आणि सायकल उसळली तरी हात वळणातून निसटत नाही, उलट अधिकच घट्ट बसतो. लिव्हर बोटांच्या समोरच असतो, एका-दोन बोटांत ब्रेक लागतो. बाहेरचा पसरटपणाही कामाचा: उभं राहून चालवताना कोपरापुढचा हात हँडलच्या वरच्या भागावर आदळत नाही. दिवसभर चालवणाऱ्याला हात ठेवायच्या चार-पाच जागा मिळतात तो लाभ वेगळाच. सरळ हँडलवर दोन-तीन तासांनी ज्यांची बोटं बधिर होतात, त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

ही कल्पना कागदावर राहिली नाही. १९८२मध्ये कनिंगहॅम, स्टीव्ह पॉट्स आणि मार्क स्लेट यांनी विल्डरनेस ट्रेल बाइक्स ही कंपनी काढली आणि तिथून मातीसाठीची ड्रॉप हँडलं बाहेर पडली. जॅकी फीलनने कनिंगहॅमच्या ॲल्युमिनियम सायकलीवर १९८३, १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकेचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्या सायकलीचं नाव ऑटो, आणि हँडल ड्रॉप. १९८७मध्ये ब्रिजस्टोन कंपनीच्या अमेरिकी शाखेने आपली सर्वांत महागडी माउंटन बाइक, एमबी-१, कारखान्यातूनच ड्रॉप हँडल लावून विकली. त्यामागे त्याच शाखेतला ग्रँट पीटरसन होता. सायकल आधी आरामाची आणि टिकाऊ असावी, हा त्याचा आग्रह पुढे त्याच्या स्वतःच्या रिव्हेन्डेल कंपनीत दिसतो.

आणि मग जॉन टोमॅक. १९९०च्या हंगामात तो डांबरावर सेव्हन-इलेव्हन संघातून आणि मातीवर येटी कंपनीसाठी शर्यती करत होता. दोन्हीकडे शरीराची बैठक सारखीच राहावी म्हणून त्याने आपल्या येटी सी-२६ला ड्रॉप हँडल लावलं. त्या वर्षी कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत माउंटन बाइक विश्वस्पर्धा झाली, तिथेही तो त्याच हँडलवर उतरला. मागच्या चाकाला आऱ्यांऐवजी ताणलेले धागे, आणि खडकाळ उतारावर वळणात रोवलेले हात. त्या दिवसांतली त्याची छायाचित्रं आजही या छंदातल्या बहुतेकांच्या भिंतीवर किंवा मनात असतात. पुढच्या वर्षी टोमॅक सरळ हँडलकडे परतला आणि क्रॉस-कंट्री शर्यतीत विश्वविजेता झाला. हेही सांगायला हवं, नाहीतर आपण अर्धीच गोष्ट सांगू. पुढच्या चाकाला सस्पेन्शनचे चिमटे आले, उतार अवघड झाले, हँडल रुंद होत गेलं. ज्या वाटेवर सायकल दगडांवरून उड्या मारत न्यायची आहे, तिथे रुंद सरळ हँडलची ताकद ड्रॉप हँडलला नाही.

पण सगळ्या वाटा तशा नसतात. कच्चा रस्ता, जंगलातली गाडीवाट, मध्येच डांबर, मागे सामान: अशा प्रवासाला त्या काळातली पोलादी फ्रेम आजही उत्तम आहे. चिमटा ताठ, क्रोमोली पोलादाच्या नळ्या, मागे दोन इंच रुंदीच्या टायरला ऐसपैस जागा, बऱ्याच फ्रेमवर कॅरिअर आणि मडगार्डसाठी आटे पाडलेले. १९८०च्या दशकातल्या फ्रेम लांब आणि सुस्त वळणाऱ्या. त्या सामान घेऊन सरळ धावतात. नव्वदीच्या सुरुवातीच्या फ्रेम अधिक चपळ. सस्पेन्शनच्या मापानं काढलेल्या नंतरच्या फ्रेम मात्र सोडून द्याव्यात. त्यांना ताठ चिमटा लावला की पुढचा भाग खाली बसतो आणि सायकलीचा तोल बिघडतो.

पहिली अडचण लांबीची. ज्या दांडीवर आपण धाकट्या भावंडाला बसवून नेतो, ती वरची दांडी माउंटन बाइकला रेसरपेक्षा लांब असते, कारण सरळ हँडलचे हात स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या पुढच्या दांड्याच्या, टोकाशीच थांबतात. ड्रॉप हँडलचे हात ब्रेकच्या टोप्यांवर गेले, की दहा सेंटिमीटरच्या आसपास आणखी पुढे जातात. त्यात नव्वदीतल्या शर्यतीच्या सायकलींना १३० मिमीपर्यंतचे स्टेम लावलेले. तसंच हँडल चढवलं तर स्वार अक्षरशः आडवा होतो, खांदे आखडतात, आणि चार दिवसांत तो ‘ड्रॉप हँडल आपल्याला नाही जमत’ म्हणून मोकळा होतो. म्हणून स्टेम आखूड हवं, आणि भरपूर उंच. जपानच्या निट्टो कंपनीने नेमकी या कामाची उंच स्टेम बनवली आहेत. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर लहान फ्रेम घेण्याचाही उपयोग होतो. उंचीच्या मोहात स्टेमवरच्या खुणेपेक्षा ते जास्त वर काढू नये. ती रेघ दात पडू नयेत म्हणून कोरलेली असते.

त्यातही मापांचं जंजाळ आहे. जुनं स्टेम हेडच्या नळीत आत उतरतं. एक इंची नळीला ते २२.२ मिमीचं लागतं आणि सव्वा इंचाच्या जरा आतल्या, म्हणजे १⅛ इंची नळीला २५.४ मिमीचं. हँडल जिथे आवळायचं तिथे माउंटन बाइकचं माप २५.४, रेसरचं बहुधा २६.० आणि नव्या हँडलांचं ३१.८. सरळ हँडलची नळी २२.२ मिमीची, ड्रॉपची २३.८, त्यामुळे जुने लिव्हर आणि गिअरचे खटके नव्या हँडलवर चढतच नाहीत. जुन्या स्टेमला पुढचं झाकण नसतं, वळणदार हँडल त्या एका भोकातून फिरवत फिरवत सरकवावं लागतं, आणि काही स्टेममधून ते जातच नाही. कित्येक स्टेममध्ये पुढच्या ब्रेकची केबल अडकवायची खोबण असायची. स्टेम बदललं की ती खोबणही गेली, मग हेडवर केबलसाठी वेगळा आकडा बसवायचा. या कामाला पैशांइतकाच धीर लागतो.

सर्वांत जपून करायचं काम ब्रेकचं. रेसरचा लिव्हर दाबला की केबल थोडी ओढली जाते. १९९६च्या सुमाराला शिमानो कंपनीने आणलेल्या व्ही-ब्रेकला त्याच्या जवळजवळ दुप्पट ओढ लागते. त्याआधीच्या सायकलींवर कँटिलिव्हर ब्रेक असायचे, दोन बाजूंचे दोन बाहू आणि त्यांना जोडणारी आडवी केबल. त्यांना रेसरचा लिव्हर छान चालतो. म्हणून या कामासाठी १९९६च्या आधीची सायकल मिळाली तर अर्धं दुखणं संपतं. व्ही-ब्रेकला रेसरचा साधा लिव्हर जोडला, तर ब्रेकचे रबर रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागतात, चाकाला जरा आऊट आला की ते घासतात, आणि जोरात दाबलं तर लिव्हर हँडलला टेकतो. उलट चूक अधिक घातक. व्ही-ब्रेकचा लांब ओढीचा लिव्हर कँटिलिव्हरला लावला, तर हाताला तो छान कडक लागतो, मन निर्धास्त होतं, आणि उतारावर सायकल थांबत नाही. व्ही-ब्रेक ठेवायचेच असतील तर टेक्ट्रो कंपनीचे लांब ओढीचे ड्रॉप लिव्हर मिळतात. तेच घ्यावेत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही फ्रेमवर मागचा यू-ब्रेक खाली, पॅडलच्या मागे बसवलेला असतो. त्याचे खुंट वेगळ्या जागी असल्यानं तिथे कँटिलिव्हर बसत नाही. फ्रेम घेण्याआधी वाकून तिथे पाहावं.

गिअरचं त्या मानाने सोपं. हँडलच्या टोकाला बसणारा खटका, तोही टिकटिक न करता नुसता घर्षणावर चालणारा, साखळी सरकवणाऱ्या कुठल्याही डिरेलरला चालतो. हात खाली असले की तो करंगळीशीच येतो. ब्रेक-गिअर एकत्र असलेले शिमानोचे रस्त्यावरचे लिव्हर नऊ गिअरपर्यंत माउंटन बाइकच्या मागच्या डिरेलरशी जुळतात, एखाद-दुसरा जुना अपवाद सोडला तर. दहा गिअरपासून मात्र दोघांची ओढ वेगळी झाली. पुढच्या तीन दातेरी चकत्यांसाठी मी घर्षणाचाच खटका सांगेन. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

हे सगळं जमवल्यावर हिशेब मांडला, तर मूळ सायकलीपेक्षा हँडल, स्टेम, लिव्हर, केबल, टेप यांनाच जास्त पैसे पडलेले असतात. ‘स्वस्तातली ग्रॅव्हल बाइक’, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची ड्रॉप हँडलची सायकल, म्हणून कुणी हे काम हाती घेतलं तर त्याची निराशा होईल. साल्सासारख्या कंपन्या २००९च्या सुमारापासून तयार ड्रॉप हँडलच्या डोंगरी सायकली विकत आहेत. ज्याला नुसती चालवायला हवी त्याने ती खुशाल घ्यावी. आणि सुरुवातीच्या काळातली एखादी रिची किंवा ब्रीझर मूळ भागांसह पूर्ण हाती आली, तर तिला पाना लावू नये. हे काम अशा सायकलींसाठी आहे, ज्यांची फ्रेम चांगली आणि बाकी सगळं झिजलेलं. जुने भाग काढून डब्यात जपून ठेवले तर पुढचा मालक तिला पुन्हा मूळ रूपात आणू शकतो.

नव्या ग्रॅव्हल बाइकची चाकं बहुधा ७००सी मापाची, या जुन्या फ्रेमची २६ इंची. पाश्चात्त्य बाजारात २६ इंची चाक जवळजवळ मोडीत निघालं आहे. सामान लादून दूरदेशी जाणारे सायकलप्रवासी मात्र ते अजून धरून आहेत, आणि आपल्याकडे त्याचं कारण लगेच कळतं. रेंजरच्या धर्तीच्या जाड टायरच्या सायकली तालुक्याच्या गावातही वापरात असल्यानं तिथल्या दुकानात २६ × १.९५चा टायर बहुधा मिळतो. ७००सीचा टायर मिळेल याची खात्री नसते. फक्त २६ हा आकडा पाहून घेऊ नये. २६ × १⅜ लिहिलेला टायर ५९० मिमीच्या रिमचा असतो, माउंटन बाइकची रिम ५५९ मिमीची. दोन्ही टायर दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असू शकतात, तेव्हा टायरच्या कडेवरचा तीन आकड्यांचा अंक वाचूनच पैसे द्यावेत.