नोकरी की धंदा? आधी वही उघडू या



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, एमआयडीसीत कामाला जाऊ, की घरीच काहीतरी करू?" नवापूर, दांडी, आलेवाडी, उच्छेळी या आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत हा प्रश्न आता घरोघरी आहे. पूर्वी मासळीवर घर चालायचे. आता मासळी पहिल्यासारखी मिळत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची वाहिनी आपल्याच समुद्रात सोडलेली आहे, आणि त्यावरून मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तो विषय मोठा आहे. आज आपण घरात येणाऱ्या पैशापुरतेच बोलू या.

नोकरी चांगली की धंदा चांगला, याचे सगळ्यांना चालेल असे उत्तर आमच्याकडे नाही. शेजारणीला जे जमले ते आपल्याला जमेलच असे नसते. पण दोन्ही कामे एकाच मापाने मोजता येतात. ते माप म्हणजे एका दिवसाच्या कामामागे खर्च जाऊन हातात किती राहिले.

पगार किती, हातात किती

समजा, पॅकिंगच्या कामाला महिना १२,००० रुपये सांगितले. त्यातून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. हातात आले १०,४७०. रिक्षाला रोजचे ४० धरले तर २६ दिवसांचे १,०४० गेले. उरले ९,४३०. दिवसाला साधारण ३६२ रुपये.

कापलेले पैसे बघून पुष्कळ जणी म्हणतात, "कापू नका, रोख द्या." तसे म्हणू नका. पीएफ तुमच्याच नावावर जमा होतो आणि मालकालाही तितकीच भर घालावी लागते. त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. ईएसआयच्या कार्डावर तुमच्याबरोबर घरच्यांचेही औषधपाणी होते. एका आजारपणात गळ्यातले गहाण पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते ९० रुपये त्यासाठी आहेत.

सुक्या बोंबलाचा हिशेब

आता धंदा बघू. भाव रोज बदलतो, तेव्हा हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून धरा. १०० किलो ओले बोंबील ३० रुपये किलोने घेतले, ३,००० झाले. आणायचा खर्च ४००. वाळून साधारण १५ किलो भरले. ते ३५० रुपये किलोने बाजारात विकले, आले ५,२५०. बाजाराची पावती आणि जाण्यायेण्याचे ४५० गेले. उरले १,४००.

"दोन दिवसांत चौदाशे सुटले" असे वाटते खरे. पण दोघी जणी तीन दिवस राबल्या. म्हणजे सहा दिवसांचे काम. दिवसाला २३३ रुपये पडले. नोकरीपेक्षा कमी.

आता तोच माल निवडला, मोठे-लहान वेगळे केले, स्वच्छ पाकिटात भरला आणि बोईसरच्या सोसायट्यांत थेट ४५० रुपये किलोने दिला. आले ६,७५०. पाकिटांचा खर्च ३०० आणि एका बाईचा एक दिवस जास्त. आधीचा खर्च ३,८५० आणि हे ३०० वजा केले की उरतात २,६००. सात दिवसांच्या कामावर वाटले तर दिवसाला ३७१. आता धंदा नोकरीच्या बरोबरीला आला. बोंबील तेच, वलांडीही तीच. फरक पडला तो निवडण्यात आणि विकण्यात. म्हणून धंदा करायचा तर "काय बनवू?" याच्या आधी "कोण घेणार, आणि कोणत्या भावाने?" हे विचारा. वैशाखात आगोटची खरेदी सुरू होते तेव्हा गिऱ्हाईक स्वतः माल शोधत येते. त्यासाठी थोडा चांगला माल आधीपासून राखून ठेवा.

या हिशेबात स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला तिच्या लाटण्याचे पैसे मिळतात. आपण मात्र घरच्या धंद्यात आपले हात फुकट धरतो आणि मग नफा झाला म्हणतो.

नोकरी शोधताना

आधी कागद नीट करा. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. पुढे पीएफ काढायची वेळ आली की पैसे याच ठिकाणी अडकतात. आधार, पॅन आणि बँक पासबुक या तिघांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. काम बदलले तरी नवीन काढू नका, जुनाच द्या.

कामाची माहिती एका पानावर लिहा. "अनुभव नाही" असे लिहू नका. गटाचे जमाखर्च लिहिले असतील, बँकेचे व्यवहार केले असतील, मालाची वजने आणि विक्री सांभाळली असेल, तर तोही अनुभवच आहे. किती वर्षे केले तेवढे लिहा.

कामावर ठेवणाऱ्याला पाच गोष्टी विचारा. पगार कंपनी देणार की ठेकेदार? नेमणूकपत्र मिळणार का? पीएफ आणि ईएसआय आहे का? पाळी कधी सुटते आणि रात्री परत यायला गाडी आहे का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर विचार करा, कारण रात्री बोईसरहून गावात यायला रिक्षा मिळेलच असे नाही. पाचवा प्रश्न आपल्या भागासाठी महत्त्वाचा. कारखान्यात कोणते रसायन हाताळावे लागते, हातमोजे आणि मास्क कोण देणार, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली? पॅकिंगचे काम असले तरी विचारा. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. २०१३ चा कायदा तसे सांगतो. त्या समितीतल्या बाईचे नाव माहीत करून ठेवा.

आणि नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. "फॉर्मचे पाचशे द्या", "वाढवण बंदरात लावून देतो, आधी डिपॉझिट भरा", असे कुणी म्हणाले की तिथून उठा. फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

कर्ज आणि कॅलेंडर

धंद्यासाठी कर्ज घेताना व्याज बघतो, पण हप्ता कधी सुरू होतो ते बघत नाही. आठवड्याचा हप्ता पहिल्या आठवड्यापासून लागतो. मासळी वाळून, विकून पैसे यायला वेळ जातो. मग हप्ता भरायला दुसरे कर्ज काढावे लागते, आणि बाई त्यात रुतते. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे ध्यानात ठेवा. आधी गटातून अंतर्गत कर्ज घ्या, कारण त्याचे व्याज गटातच राहते. त्याहून जास्त लागले तर बँकेत मुद्रा योजनेतल्या शिशू कर्जाची चौकशी करा. ते ५०,००० रुपयांपर्यंत, तारण न ठेवता मिळते.

आपले वर्ष सरळ नसते. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, पावसात वाळवणही होत नाही. त्याच महिन्यात शाळेची वह्या-पुस्तके येतात. म्हणून कॅलेंडरवर बारा महिने मांडा आणि कुठल्या महिन्यात पैसे येतात, कुठल्या महिन्यात फक्त जातात, तिथे खूण करा. काही घरांत एकीने नोकरी धरायची आणि दुसरीने धंदा, असे सासूसुनेने किंवा जावाजावांनी ठरवले तर पावसाळा सोपा जातो.

घरी काम करताना

घरी काम करणाऱ्या बाईचा वेळ सगळ्यांचा असतो. पाणी आले, पाहुणे आले, मूल रडले, की हातातले काम बाजूला पडते. त्यावर आम्हाला दिसलेला साधा उपाय म्हणजे दिवसातले तीन तास ठरवायचे आणि घरात सांगून ठेवायचे की या वेळी मी कामावर आहे. धंद्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवा, घरखर्चाला लागले तर उसने म्हणून लिहा. काम दोघी-तिघींनी मिळून केले तर ते होते, आणि बोलायलाही कुणी असते.

तर मैत्रिणींनो, येत्या तीस दिवसांसाठी एक दहा रुपयांची वही घ्या. रोज रात्री चार गोष्टी लिहा: किती आले, किती गेले, किती तास काम केले, काम कुणी कुणी केले. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, तिचेही गणित सुधारेल. महिना झाला की वही गटाच्या बैठकीत आणा, आपण मिळून बेरीज करू. कामाला जायचे की घरी धंदा करायचा, हे तुम्ही ठरवा. नवऱ्याने, शेजारणीने किंवा आम्ही सांगितले म्हणून नको. तुमच्या वहीतला आकडा बघून ठरवा.