संस्था उभारण्यापूर्वी कायद्याचा सल्ला

सुगी आटोपली, धान्य घरात आले, म्हणजे गावाचे लक्ष सार्वजनिक कामाकडे वळते. कोठे वाचनालय हवे असते, कोठे शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, तर कोठे भाकड जनावरांसाठी गोशाळा. मंडळी पारावर जमतात, वर्गणीची यादी होते आणि मुहूर्ताचा नारळही फुटतो. या उत्साहात एक प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. तो असा की, कायद्याच्या दृष्टीने हे काम कोणाच्या मालकीचे?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका गावाने वाचनालय काढण्याचे ठरविले असे समजावे. एका वृद्ध शेतकऱ्याने रस्त्याकडेची पाच गुंठे जमीन देऊ केली. सभेत टाळ्या पडल्या, परंतु कागद झाला नाही. जमलेली वर्गणी गावातील एका विश्वासू गृहस्थाने आपल्या बचत खात्यात ठेवली. पुढे दोन वर्षांच्या आत दोघेही निवर्तले. जमीन वारसांच्या नावे सातबारावर चढली आणि खात्यातील रक्कम वारसदाखल्याच्या कामात अडकली. येथे कोणाचीही नियत वाईट नव्हती, तरीही वाचनालय बुडाले. कारण ते काम व्यक्तींच्या नावावर होते, स्वतःच्या नावावर नव्हते.

याउलट, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९५९ साली त्यांचे निधन झाले, तरी संस्थेचे कार्य आजही चालू आहे. थोर पुरुषाची पुण्याई त्यामागे आहेच. परंतु मालमत्ता संस्थेची असणे आणि एका पिढीकडून दुसरीकडे कारभार जाण्याचा नियम ठरलेला असणे, हेही त्याचे एक कारण होय.

सहकारी संस्था निराळी, सेवाभावी संस्था निराळी

शेतकरी वर्गास सहकारी सोसायटीचा परिचय चांगला असतो. ती महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदली जाते, तेथे सभासद भाग घेतो आणि नफ्यातून त्यास लाभांश मिळू शकतो. दूध एकत्र विकणे किंवा खत-बियाणे एकत्र आणणे हा हेतू असेल, तर सहकारी संस्था अथवा उत्पादक कंपनी हाच योग्य मार्ग होय. सेवाभावी संस्थेत मात्र नफ्याची वाटणी नसते. जे शिल्लक राहील ते त्याच कामी लावावयाचे असते. आपला हेतू यांपैकी कोणता, हे प्रथम ठरवावे. चुकीच्या कायद्याखाली केलेली नोंदणी पुढे निस्तरणे त्रासाचे असते.

नोंदणीचे मार्ग

सेवाभावी कामासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापणे. त्यासाठी किमान सात व्यक्ती लागतात. दुसरा, विश्वस्तपत्र करून सार्वजनिक न्यास निर्माण करणे. तिसरा, २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या आठव्या कलमाखाली ना-नफा कंपनी स्थापणे. तिसऱ्या मार्गातील कागदपत्रांचा व्याप गावपातळीवरील लहान कामास सहसा पेलत नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय हेतूच्या संस्थेने १८६० च्या कायद्याखाली नोंदणी केली, तरी तेवढ्याने भागत नाही. तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. न्यास अस्तित्वात आल्यापासून तीन महिन्यांत विश्वस्तांनी हा अर्ज करावयाचा असतो. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या अधिपत्याखालील कार्यालयात चालते. चौकशीअंती नोंद होऊन प्रमाणपत्र मिळते. करसवलतीसाठी आयकर खात्याकडील नोंदणी वेगळी, आणि परदेशातून देणगी घ्यावयाची तर केंद्रीय गृह मंत्रालयाची अनुमती वेगळी, हेही ध्यानात ठेवावे.

घटना उसनी घेऊ नये

शेजारच्या गावातील संस्थेची घटना आणून केवळ नाव बदलावे, हा मोह अनेकांस होतो. तो टाळावा. एका जमिनीस मानवलेले बियाणे दुसरीस मानवतेच असे नाही. नियमावलीत पुढील गोष्टी आपल्या गावाची रीत पाहून ठरवाव्यात : सभासद कोणी व्हावे व कोणी करून घ्यावे, कार्यकारी मंडळाची मुदत किती, सभेची गणपूर्ती किती, बँकेतून पैसे काढण्यास कोणत्या दोघांच्या सह्या लागाव्यात, एखादा पदाधिकारी वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर जागा कशी भरावी. संस्था विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते, हेही सर्वांस आरंभीच समजलेले बरे.

जमिनीचा कागद

खेड्यातील संस्थांची बहुतेक भांडणे जमिनीवरून होतात. स्थावर मालमत्तेचे दान तोंडी होत नाही. दात्याची सही व किमान दोन साक्षीदार असलेले बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार होऊन संस्थेचे नाव लागले पाहिजे.

परंतु त्याहीपूर्वी तीन गोष्टींची खात्री वकिलाकडून करून घ्यावी. जमीन वडिलोपार्जित व सामाईक असल्यास दाता एकटा ती देऊ शकत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. जमीन नवीन शर्तीची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती हस्तांतरित करता येत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर कुळवहिवाट कायद्यांचे निर्बंध आहेत आणि संस्था ही आपोआप शेतकरी ठरत नाही. या तिन्हींचा उलगडा न करता इमारतीचा पाया खणणे म्हणजे दुसऱ्याच्या रानात विहीर पाडण्यासारखे आहे.

सल्ला कोठे मिळेल

धर्मादाय कार्यालयात काम करणारा वकील हा यासाठी सर्वांत योग्य. जिल्ह्याच्या ठिकाणी असे वकील असतात. तथापि ज्यांस फी परवडत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती काम करते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती यांस उत्पन्नाची अट नाही. इतरांस ठरावीक उत्पन्नमर्यादेत साहाय्य मिळते. कायद्यातील विधी सेवेच्या व्याख्येत खटला चालविण्याबरोबर कायदेशीर सल्ला देण्याचाही समावेश आहे.

ही सेवा व्यक्तीस मिळते. सबब, प्रवर्तकांपैकी पात्र व्यक्तीने आपल्या नावे अर्ज करावा. संपूर्ण घटना लिहून मिळेलच असे गृहीत धरू नये, परंतु जमिनीच्या हक्काविषयी किंवा योग्य कायद्याविषयी सल्ला अवश्य मागावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते. अनेक विधी महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रे असतात, तेथेही चौकशी करावी.

वकिलाकडे जाताना

मोकळ्या हाताने जाऊ नये. संस्थेचा हेतू चार वाक्यांत लिहून न्यावा. प्रवर्तकांची नावे, पत्ते व ओळखीचे पुरावे, जागेचा सातबारा व आठ-अ उतारा, आणि वर्गणी जमली असल्यास तिची यादी सोबत असावी. एकट्याने न जाता दोघा-तिघांनी जावे, म्हणजे ऐकलेले गावात नीट सांगता येते. फी किती व तीत कोणती कामे येतात हे आधीच विचारून घ्यावे आणि पैशाची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही कोणीही, कोणासही देऊ नये. मसुदा मराठीत वाचून घ्यावा व न समजलेले कलम पुन्हा विचारावे. त्यात संकोच नसावा.

नोंदणीनंतर

नोंदणी म्हणजे पेरणी होय. राखण पुढेच असते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा. तो न दिल्याने जुने व नवे मंडळ आपणच खरे म्हणून झगडतात आणि संस्था कोर्टात खितपत पडते. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून नियमाप्रमाणे तपासून घ्यावा. संस्थेची जमीन विकावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देण्यासही ती लागते. हे बंधन जाचक वाटले, तरी गावाच्या ठेव्यास घातलेले ते कुंपण आहे.

उदाहरणातील गावास पाच गुंठ्यांचे नोंदलेले बक्षीसपत्र आणि संस्थेच्या नावचे बँक खाते एवढे दोनच कागद कमी पडले. ते वेळीच झाले असते, तर दोन सज्जनांच्या मागे त्यांच्या इच्छेचे वाचनालय राहिले असते. ज्या शेतकरी बंधू-भगिनींच्या गावी असे काम मनात घोळत असेल, त्यांनी वर्गणीची पहिली पावती फाडण्यापूर्वी एक फेरी वकिलाकडे अथवा तालुका विधी सेवा समितीकडे अवश्य मारावी.