पंपाला रेंज का मिळत नाही?

आनेकलच्या शिवारातून मोबाइल लहरी, मनोरे आणि उपकरणे यांच्या ताळमेळाचा वेध

बेंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इलेक्ट्रॉनिक सिटी आणि बोम्मसंद्र ओलांडले की चंदापूर लागते. तेथून आत वळणारा रस्ता आनेकलला जातो. बेंगळुरू नागरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. महामार्गालगत कारखाने आणि गृहसंकुले, तर आतल्या बाजूस नाचणी, तुती, भाजीपाला आणि फुलशेती. पश्चिमेस बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचे हत्तींचा वावर असलेले जंगल आणि पलीकडे तमिळनाडूची हद्द. देशाच्या माहिती-तंत्रज्ञानाची राजधानी हाकेच्या अंतरावर असताना येथील शेतात मोबाइलची अडचण कशी असेल, असे कोणासही वाटावे. अडचण असते, मात्र ती बहुधा नेटवर्क नसल्याची नसते. ती असते नेटवर्क आणि उपकरण यांचा मेळ न बसल्याची.

हा भेद महाराष्ट्रातील वाचकांच्याही थेट उपयोगाचा आहे. चंदगड, जत किंवा अक्कलकोटच्या सीमावर्ती गावांत, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि मोठ्या शहरांना लागून असलेल्या शिवारांत नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

रात्रीची पायपीट आणि मोबाइल स्टार्टर

कूपनलिकेवर शेती करणाऱ्याला थ्री फेज वीज मिळेल तेव्हाच पंप चालवावा लागतो आणि ती वेळ अनेकदा रात्रीची असते. अंधारात बांधावरून जाताना सापाचे भय सर्वत्र आहे. जंगलालगतच्या गावांत त्यात हत्तीची भर पडते. घरबसल्या पंप चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर म्हणूनच चैनीची वस्तू नव्हे. फेज गेला, पाणी आटले किंवा मोटर कोरडी चालू लागली, तर तसा संदेश देणारी उपकरणे मोटर जळण्यापासूनही वाचवतात.

या तंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने मोबाइलवरून पंप चालवण्याची कल्पना शेतकऱ्यांपर्यंत नेली. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक नवोन्मेष स्पर्धेत या उपकरणाचा गौरव झाला. त्या काळात मोबाइल सेवा म्हणजे प्रामुख्याने २जी. साधा कॉल किंवा एसएमएस एवढेच अशा उपकरणाला पुरे होते आणि बहुतेक कंपन्यांचे सिम त्यात चालत असे.

आज परिस्थिती वेगळी आहे. बाजारात २जी आणि ४जी अशा दोन्ही प्रकारचे स्टार्टर मिळतात. पेटी सारखीच दिसते. आतले मोडेम मात्र वेगळे असते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू करणाऱ्या जिओचे जाळे आरंभापासून केवळ ४जीचे होते; त्यात २जी नाही. त्यामुळे २जी मोडेमच्या स्टार्टरमध्ये जिओचे सिम घातले, तर मनोरा शेजारच्या शेतात असला तरी ते उपकरण नोंदले जाणार नाही. शेतकरी म्हणतो, ‘रेंज नाही.’ विक्रेता म्हणतो, ‘सिम खराब आहे.’ प्रत्यक्षात दोन्ही ठीक असतात. केवळ एकाची भाषा दुसऱ्याला येत नसते.

४जी उपकरणांतही एक बारकावा आहे. ४जी जाळ्यावरून आवाजी कॉल होण्यासाठी ‘व्होल्टी’ ही सुविधा लागते. ती नसलेला संच कॉलच्या वेळी २जीवर उतरतो. २जी नसेल तेथे कॉल लागतच नाही. काही मोडेम केवळ डेटासाठी बनवलेले असतात. अशा मोडेमवरील स्टार्टर ॲपद्वारे चालेल, पण मिस्ड कॉल देऊन चालणार नाही. वयस्कर शेतकऱ्यांना मिस्ड कॉलची पद्धत सोपी वाटते. म्हणून खरेदीपूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

लहरींचा स्वभाव

मोबाइल सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यांना बँड म्हणतात. त्यांची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. भारतात सध्या ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे बँड प्रामुख्याने वापरात आहेत.

शेतीच्या दृष्टीने यातील एक नियम लक्षात ठेवावा: वारंवारता जितकी कमी, तितकी लहर दूर पोहोचते आणि भिंती-झाडी अधिक सहज भेदते. मोकळ्या जागेत, समान शक्तीने आणि तशाच अँटेनांद्वारे पाठवलेली २३०० मेगाहर्ट्झची लहर तेवढ्याच अंतरावर ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या सुमारे एकसप्तमांश शक्तीनेच हाती येते. मध्ये टेकडी, गर्द झाडी किंवा पावसाने भिजलेली पाने आली की हा फरक आणखी वाढतो.

मग सर्वत्र कमी वारंवारताच का वापरत नाहीत? कारण त्या पट्ट्यांत उपलब्ध जागा अरुंद असते. वरच्या बँडमध्ये रुंद पट्टे मिळतात आणि एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वेगवान डेटा देता येतो. जिगणी किंवा बोम्मसंद्रसारख्या औद्योगिक वसाहतीत हजारो फोन एकत्र असतात. तेथे जवळजवळ मनोरे आणि वरचे बँड उपयोगी ठरतात. विरळ वस्तीच्या शिवारात एकाच मनोऱ्याला मोठा परिसर सांभाळावा लागतो. तेथे खालचे बँड कामी येतात. शहराकडून जंगलाकडे सरकताना एकाच तालुक्यात ही दोन्ही रूपे दिसू शकतात.

एक मनोरा, अनेक बँड

मनोऱ्यावरून कोणताही बँड प्रक्षेपित होत असला, तरी तो ऐकण्याची क्षमता हातातील संचात असावी लागते. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे अनुक्रमे बँड ५, ३ आणि ४० वर चालते. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झचा वापर करते. बीएसएनएलची नवी ४जी सेवा मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ (बँड २८) आणि २१०० मेगाहर्ट्झ (बँड १) यांवर आधारलेली आहे.

बीएसएनएलचे उदाहरण विशेष बोलके आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या ४जी प्रकल्पास मंजुरी दिली. पुढे २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याच्या उभारणीत टीसीएस, सी-डॉट आणि तेजस नेटवर्क्स यांचा सहभाग आहे. यांपैकी तेजस ही कंपनी आनेकलच्या वाटेवरील इलेक्ट्रॉनिक सिटीतलीच. ७०० मेगाहर्ट्झची लहर ग्रामीण भागासाठी अत्यंत अनुकूल. परंतु अनेक जुन्या ४जी फोनमध्ये बँड २८ नाही. अशा फोनधारकाला गावात नवा मनोरा उभा राहूनही केवळ २१०० मेगाहर्ट्झची आखूड पल्ल्याची सेवा मिळेल किंवा काहीच मिळणार नाही.

गुंतागुंत येथे संपत नाही. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात जिओनेही ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. तो ५जीसाठी वापरला जातो आणि त्याचे नाव ‘एन-२८’ असे आहे. फोनच्या तपशिलात ४जीचा बँड २८ आढळला म्हणून ५जीचा एन-२८ असेलच असे नाही. शिवाय जिओचे ५जी जाळे ४जीच्या आधाराविना स्वतंत्रपणे चालणारे असल्याने फोनमध्ये तशा ‘स्टँडअलोन’ ५जीची सोय असावी लागते. ‘५जी फोन’ एवढी पाटी म्हणूनच पुरेशी नाही.

हद्दीवरचे सिम

भारतात दूरसंचार सेवेचे २२ परवाना विभाग आहेत. बोलीभाषेत त्यांना सर्कल म्हणतात. कोणत्या कंपनीला कोणता बँड किती मिळाला, हे सर्कलनिहाय ठरते. अत्तिबेलेपर्यंत कर्नाटक सर्कल आणि काही किलोमीटरवर होसूरला तमिळनाडू सर्कल. आपल्याकडे चंदगडच्या पूर्वेस बेळगाव आणि अक्कलकोटच्या पलीकडे आळंद येथे हेच घडते.

सीमेवरील शेतात उपकरण कधी या बाजूचा मनोरा पकडते, तर कधी त्या बाजूचा. बोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फोनला याची झळ क्वचितच जाणवते, कारण देशांतर्गत रोमिंग आता बहुतेक योजनांत समाविष्ट असते. मात्र स्टार्टरमधील मोडेममध्ये रोमिंग बंद ठेवलेले असेल, तर पलीकडचा मनोरा प्रबळ ठरताच उपकरण मूक होऊ शकते. ‘कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार सीमाभागातून आल्यास प्रथम ही जोडणी तपासावी.

काही उपकरणांसोबत यंत्रांसाठीचे १३ अंकी क्रमांकाचे सिम येते. त्यावर सर्वसाधारण कॉल किंवा एसएमएसची मुभा मर्यादित असू शकते. पुढे ते बदलून स्वतःचे सिम घालता येईल का, हेही आधीच विचारावे.

२जीचा भरवसा किती?

एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांची २जी सेवा भारतात चालू आहे आणि लक्षावधी साधे फोन तिच्यावर अवलंबून आहेत. परंतु जगाचा प्रवाह जुन्या पिढ्या बंद करून त्यांच्या लहरी नव्या सेवेला देण्याकडे आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१६ अखेर २जी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद करण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी शेतांवरील पाण्याच्या टाक्यांचे संवेदक आणि पंपनियंत्रक यांसारखी जुनी उपकरणे बदलावी लागतील, असा इशारा तेथील शेतकऱ्यांना द्यावा लागला. फोन दोन-चार वर्षांनी बदलला जातो. पंपाच्या खोलीतील पेटी दहा वर्षे तशीच राहते. म्हणून नवा स्टार्टर घेताना ४जी आणि २जी दोन्ही पेलणारा घेणे शहाणपणाचे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी पडताळणी

१. जागेवर मोजणी: चाचणी घरी नव्हे, पंपाजवळ घ्यावी. फोनवरील दांड्यांचे प्रमाण प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. त्यावर विसंबू नये. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘सिमची स्थिती’ येथे सिग्नलची तीव्रता डीबीएममध्ये दिसते. ४जीसाठी स्थूलमानाने उणे ९० किंवा त्याहून चांगले वाचन उत्तम, उणे १०५ पर्यंत कामचलाऊ आणि उणे ११५ च्या खाली बेभरवशाचे मानावे. आकडा १० ने घसरला की हाती येणारी शक्ती एकदशांश होते.

२. वेगवेगळी सिम: शक्य तेवढ्या कंपन्यांच्या सिमने, सकाळी आणि रात्री मोजणी करावी. शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या शेतातील वाचन महत्त्वाचे. कंपन्यांनी संकेतस्थळांवर दिलेले व्याप्तीचे नकाशे आणि मनोऱ्यांची माहिती देणारे शासनाचे ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ पूर्वतयारीसाठी उपयुक्त आहेत.

३. बँडचा ताळा: फोन किंवा स्टार्टरच्या माहितीपत्रकातील बँड त्या भागातील सेवेशी जुळवून पाहावेत. विक्रेत्याकडे बँडची यादी नसल्यास खरेदी पुढे ढकलावी.

४. अँटेना: स्टार्टरची लोखंडी पेटी लहरी अडवते. अँटेना पेटीबाहेर, शक्य तितकी उंच आणि मनोऱ्याच्या बाजूस लावावी. तिची तार विनाकारण लांबवू नये. लांब, बारीक तारेत सिग्नलची शक्ती वाया जाते. २जी स्टार्टर बदलून ४जी घेताना जुनी अँटेना नव्या बँडसाठी योग्य आहे का, तेही पाहावे.

५. सिमची वैधता: वैधता संपल्याने बंद पडणारे स्टार्टरही पुष्कळ. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ आवाज आणि एसएमएसचे स्वतंत्र पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. कॉल-एसएमएसवर चालणाऱ्या उपकरणास डेटाचा महागडा पॅक लागत नाही.

६. पर्यायी सुरक्षा: सर्वोत्तम जाळेही कधीतरी खंडित होते. ड्राय-रन आणि फेजरक्षण उपकरणातच असावे. त्यासाठी नेटवर्कवर अवलंबून राहू नये.

तक्रार मोजमापासह

विजेच्या गडगडाटाची पूर्वसूचना देणारे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’, हवामान सल्ल्याचे ‘मेघदूत’, किंवा १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरील किसान कॉल सेंटर या सेवांची किंमत शेतात उभ्या माणसाच्या हातातील संच जोडला गेला तरच. त्यामुळे गावाची नेटवर्क-नोंद ही माती परीक्षणाच्या नोंदीइतकीच उपयुक्त ठरू शकते. शिवाराचे नाव, कंपनी, पिढी, डीबीएम वाचन, दिनांक आणि वेळ एवढे सहा रकाने तिला पुरेत.

अशी दहा-वीस शेतांची नोंद जोडून कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ‘आमच्याकडे रेंज नाही’ या मोघम वाक्याला मोघमच उत्तर मिळते. वाचनांसह दिलेल्या अर्जात मात्र दोष मनोऱ्याचा, बँडचा की उपकरणाचा हे आधीच वेगळे झालेले असते. आणि दोष उपकरणाचा निघाला, तर मनोऱ्याची वाट पाहण्याची गरजच उरत नाही. योग्य मोडेम आणि नीट बसवलेली अँटेना एवढ्यानेही अनेक शेतकऱ्यांची रात्रीची फेरी वाचू शकते.