देवनगरींतील पहिले दिवस

कन्येचा संसार पाहावा म्हणून बँकॉकला गेलों. लिपी परकी, भाषा परकी. उतरतांच जीव बावरला. पण जांवयांनीं त्या नगराचें संपूर्ण नांव सांगितलें आणि मी चमकलों! 'क्रुंग थेप' म्हणजे देवनगरी; पुढें महानगर, रत्न, महेंद्र, अयोध्या, विश्वकर्मा हे आपलेच शब्द, केवळ उच्चार निराळे.

१७८२ सालीं आरंभिलेल्या राजवाड्यांत, पाचूचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या बुद्धाच्या मंदिराभोंवतीं, ओवऱ्यांच्या भिंतींवर सारी रामकथा रंगविली आहे. ती पाहून ऊर भरून आला. "हें सारें आमचेंच हो!" मी म्हणालों. तोंच आठ वर्षांचा नातू उद्गारला, "आजोबा, इथल्या हनुमानाचें लग्न झालेलें आहे. त्याची बायको मत्स्यकन्या!"

मनाला किंचित् लागलेंच.

सायंकाळीं कन्येनें देवापुढें दिवा लावला आणि तेथील रीतीप्रमाणें पाकळ्या दुमडलेल्या कमळकळ्या वाहिल्या. "ही कोणती नवी रीत?" हे शब्द ओठांवर आले होते, ते मीं गिळले. दूरदेशीं गेलेल्या लेकीप्रमाणेंच ती कथाहि तेथें सुखानें नांदते आहे. माहेरानें तिच्या संसाराचें कौतुक करावें. मालकी सांगूं नये.